आतोबांची लय

ओवी मगदूम कुठल्याही नव्या ठिकाणच्या फाटकापर्यंत अगदी व्यवस्थित जात असे. घोटाळा व्हायचा तो त्याच्या पुढं. पुण्याच्या औषध कंपनीत पहिली नोकरी लागली तेव्हा पेढे वाटून झाले, नवी बॅग घेऊन झाली, आणि कंपनीच्या दारात रिक्षा थांबल्यावर तिच्या पोटात असा काही गोळा उठला की त्याच रिक्षानं ती माघारी स्टँडवर आली आणि रात्रीच्या जेवणाला सांगलीत हजर झाली. "कंपनीच बंद पडली," असं तिनं घरी सांगितलं. मग हुबळीची नोकरी लागली. तीही कंपनी बंद पडली. तेव्हा मात्र तिची आई पल्लवी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, तू जाशील ती कंपनी बंद पडायला लागली तर देशाचं कसं व्हायचं?"

त्यावर ओवी जी रडायला लागली, ती सगळं खरं सांगूनच थांबली.

ही गोष्ट दोन हजार सत्तेचाळीस सालातली. एस.टी. विजेवर धावत होती, भाजी ड्रोननं दारात येत होती, दारातली रांगोळीसुद्धा हवी असली तर यंत्र काढून देत होतं. पण शिक्षण संपवून उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या पोरापोरींची छाती पूर्वीसारखीच धडधडत होती. खोटं कशाला बोला, पूर्वीपेक्षा जास्तच धडधडत होती. घरबसल्या सगळं मिळायला लागल्यावर घराबाहेर पडायची सवय राहणार कुठून? म्हणून तर गावोगावी या वयाच्या मुलांसाठी वेगळी उपचारकेंद्रं निघाली होती. सांगलीतल्या केंद्राचं नाव 'उंबरठा'. तिथं पहिल्या नोकरीला घाबरणारे, लग्नाला घाबरणारे, नुसत्या फोनच्या रिंगला घाबरणारे असे सगळे एका बाकावर बसायचे आणि एकमेकांकडं बघायलाही घाबरायचे.

ओवीनं तिथं जायचं ठरवलं, कारण तिला तिसरी नोकरी लागली होती आणि ही तिला मनापासून हवी होती. जयगडच्या खाडीकाठी एक कारखाना होता. समुद्रात दोरांवर शेवाळ पिकवायचं आणि त्याचा गुरांसाठी चारा करायचा. हे शेवाळ खाल्लं की गाई ढेकर कमी देतात, ढेकरांतून हवेत जाणारा मिथेन वायू कमी होतो आणि पृथ्वी जरा कमी तापते. ओवीचा एम.एस्सी.चा सगळा अभ्यास याच शेवाळावर होता. शेवाळाबद्दल बोलायला लागली की ती घाबरायची विसरून जायची. पण कारखान्यानं स्पष्ट कळवलं होतं: अमुक सोमवारी दुपारपर्यंत हजर झाला नाहीत तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

"यावेळी परत आले तर मी पुन्हा कुठंच जाणार नाही, डॉक्टर," ओवी म्हणाली. "मला माहितेय ना मी कशी आहे ते."

डॉक्टर शिरगुप्पे साठीच्या आतबाहेरच्या, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी तिला पाणी दिलं.

"भीती डोक्यात असते असं आपण समजतो," त्या म्हणाल्या. "पण निम्मा कारभार छातीत आणि पोटात चालतो. मेंदूपासून काळजाला, फुप्फुसांना, आतड्यांना जोडणारी एक लांबलचक नस आहे. व्हेगस तिचं नाव. काळीज कसं चाललंय, श्वास कसा चाललाय, याच्या बातम्या तिच्यातून सारख्या वर जात असतात. धडधडीची बातमी गेली की मेंदूला वाटतं, आलं काहीतरी संकट. मग तो काळजाला आणखी पळवतो. तू फाटकाशी उभी असतेस आणि तुझा मेंदू समजतो की समोर वाघ आहे."

"मग काय करायचं?"

"रडणारं बाळ कुशीत घेतलं की गप्प का होतं? त्याला कुणी समजावून सांगत नाही. एका अंगाची लय दुसऱ्या अंगाला लागते. मिरजेची सतार बघितलीस ना? वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा हात न लावता वाजतात, तसंच." डॉक्टरांनी डबीतून हरभऱ्याच्या डाळीएवढा मणी काढला. "हा सांगाती. कानाच्या खळग्यात त्या नसेची एक फांदी अगदी कातडीखाली येते. तिथं हा बसतो. शांत माणसाची लय आम्ही यात भरतो आणि तो ती हळूहळू तुझ्या नसेला ऐकवत राहतो. त्या माणसाला म्हणायचं लयदाता. आता तू एवढंच करायचं. ज्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं असं ओळखीचं माणूस घेऊन ये."

किती सोपी अट! पण मगदूमांच्या घरी पोचल्यावर त्या अटीचं काय झालं ते बघा.

संध्याकाळी बैठक बसली. ओवीचे वडील अमोल, त्यांची थोरली बहीण वैशूआत्या आणि ओवी. आई नेहमीप्रमाणे बैठकीत नव्हती. दारात ड्रोनशी भांडत होती. "ही मेथी आहे का पालापाचोळा? घेऊन जा परत! जातोस का दांडकं आणू?" ड्रोन बिचारा मेथी घेऊन घाईघाईनं उडाला.

"आईला विचारायचं का?" ओवी हळूच म्हणाली.

यावर अमोल आणि वैशूआत्या इतके हसले की ओवीलाही हसू आलं.

"लयदाता म्हणजे मानाचं काम," अमोल गंभीर होत म्हणाले. "आपल्या घराण्यात असलं पहिल्यांदाच होतंय. अशा वेळी थोरल्या जावयांना डावलून कसं चालेल? उद्या दाजींना बाहेरून कळलं तर?"

दाजी म्हणजे वैशूआत्याचे यजमान, ओवीचे आतोबा, नितीनराव बिरनाळे. आपल्या आठवणीत नितीन हे वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराचं नाव. आता ते आजोबांचं नाव झालं, त्याला कोण काय करणार! साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ कधी आवाज चढवत नसे. पण त्यांना रुसवा फार. ओवीच्या बारशाला पेढा आधी व्याह्यांना दिला म्हणून रुसले. वास्तुशांतीच्या पत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत आलं म्हणून रुसले. रुसले की हाताची घडी घालायची, मान भिंतीकडं वळवायची आणि म्हणायचं, "माझं काही नाही. तुमचं चालू द्या." हे ऐकलं की मगदूमांच्या घरात पळापळ व्हायची. शेवयाची खीर, नवा शर्ट, मनधरणी, असं सगळं होऊन संध्याकाळपर्यंत दाजी मार्गावर यायचे.

"पण माणूस शांत आहे की नाही?" अमोलनी विचारलं.

"शांत म्हणजे, घरात आहेत की नाहीत ते कळत नाही," वैशूआत्या म्हणाली. झालं, ठरलं.

लय भरायच्या दिवशी नितीनराव नवा कुर्ता घालून, केस ताजे काळे करून केंद्रावर आले. एवढा मान आजवर कुठल्या जावयाला मिळाला होता? तेवढ्यात यंत्रावरची मुलगी लगबगीनं आली, अमोलना म्हणाली, "साहेब, तुम्ही या खुर्चीवर बसा. शहाळं घेणार?" आणि नितीनरावांकडं वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा त्या स्टुलावर."

आजोबा! आणि स्टूल!

नितीनरावांनी हाताची घडी घातली. मान भिंतीकडं वळली. "माझं काही नाही," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

एरवी या शब्दांनी अमोल ताडकन उठले असते. पण शहाळं गोड होतं. आणि ओवी यंत्राच्या दिव्यांकडं बघत नखं खात होती. मुलीनं नितीनरावांच्या छातीला आणि मानेला पट्ट्या लावल्या, पडद्यावर रेघ उमटली आणि डॉक्टर शिरगुप्पे खुर्चीतून अर्ध्या उठल्या. काळीज संथ, श्वास संथ, अंगात हालचाल म्हणून नाही.

"काय माणूस आहे!" त्या म्हणाल्या. "अशी लय मी आजवर बघितली नाही."

पुढचे काही आठवडे केंद्रात ती लय ओवीच्या नसेशी जुळवून घेण्यात गेले. जयगडचा सोमवार आठ दिवसांवर आला तेव्हा एकदाचा तो मणी तिच्या कानात बसला. आणि खरंच, पोटातला गोळा विरघळला. रस्त्यावर कुणी हाक मारली तरी छाती उडेना. अनोळखी नंबरचा फोन तिनं पहिल्याच रिंगला उचलला. अमोलनी नाक्यावरच्या मारुतीला नारळ फोडला. आईचाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीनं उपमा केला. पहिली ताटली नवऱ्यापुढं ठेवली, दुसरी ओवीपुढं. ओवीनं ताटलीकडं बघितलं. मग वडिलांच्या ताटलीकडं बघितलं. मग ताटली हळूच पुढं सरकवली.

"का गं? खात का नाहीस?"

"राहू दे. माझं काही नाही."

"तिखट झालाय?"

"तुमचं चालू द्या," असं म्हणून ओवीनं मान भिंतीकडं वळवली. आईनं वर तूप घातलं, काजू घातले, एक घास तर खा म्हणून विनवलं, तेव्हा कुठं स्वारी उपम्याला लागली. ओवीला स्वतःलाही कळेना की आपल्याला झालं काय. भीती नव्हती. आत सगळं गार आणि घट्ट होतं, बंद दुकानासारखं. आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की आपल्याला कुणी नीट विचारलं नाही.

बुधवारी जयगडच्या प्रमुख मयेकर मॅडमनी नव्या माणसांची पडद्यावर ओळख करून घेतली. तिघांची नावं घेतली. ओवीचं शेवटी घेतलं. मयेकर मॅडमना पुढं ओवीचा चेहरा दिसायच्या ऐवजी अंबाडा दिसायला लागला, कारण तिनं खुर्ची फिरवून घेतली होती.

"ओवी, आवाज येतोय ना?"

"येतोय. माझं काही नाही, मॅडम."

मॅडम गडबडल्या. काही चुकलं का, राहायची अडचण आहे का, खोली पसंत नाही का, असं विचारता विचारता त्यांनी ओवीला स्वतःहून समुद्राच्या बाजूची खोली दिली. बाकीचे दोघे बघतच राहिले. दाराआडून ऐकणाऱ्या अमोलची छाती अभिमानानं फुगली. "बघितलंस? कशी धीट झाली पोरगी!" ते बायकोला म्हणाले.

पण शुक्रवारी आई बॅग भरायला बसली, तर ओवी म्हणाली, "भरू नकोस. मी जाणार नाही."

"म्हणजे? घाबरलीस?"

"छे! घाबरायचं काय त्यात? पण 'हजर व्हा' म्हणजे काय? ही काय बोलवायची रीत झाली? कुणी घ्यायला येतंय का? गाडी पाठवली का? नाही ना? मग त्यांचं त्यांना चालू दे."

घ्या! भीती गेली, तरी ओवी होती तिथंच होती. पल्लवी डोक्याला हात लावून बसली. मग उठून तिनं खीर केली, वाटी घेऊन ओवीच्या पुढ्यात आली आणि सवयीनं म्हणाली, "असं करू नये. आमचं चुकलं. एक चमचा तरी..." आणि चमचा हवेतच थांबला. ही वळलेली मान, ही घडी, हे भिंतीकडं बघणं. एवढी वर्षं वाटी हातात धरून ती याच मानेपुढं उभी राहिली होती की!

"अहो!" ती नवऱ्याला हाक मारत ओरडली. "अहो, इकडं या! हे तर दाजी आहेत!"

केंद्रावर डॉक्टर शिरगुप्पेंनी सगळं ऐकून घेतलं. भरलेली लय पुन्हा पडद्यावर घेतली, मोठी करून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "अंगाचं शांत होणं दोन तऱ्हांचं असतं. एक विश्रांतीचं. पोट भरलंय, धोका नाही, म्हणून काळीज संथ. आणि दुसरं, संकटात सापडलंय, पळायला वाट नाही, म्हणून अंग सगळी दारं लावून घेतं. काही किडे बोट लावलं की पाय आखडून मेल्यासारखे पडतात ना? तेव्हाही काळीज संथच होतं. यंत्राला दोन्ही रेघा सारख्याच दिसल्या. आम्ही हे यंत्र हजारो माणसांवर तपासलं होतं, पण रुसलेल्या जावयावर कुणी तपासलं नव्हतं."

"मग आता माझी लय भरा," पल्लवी म्हणाली. "मी बसते. आत्ता बसते."

"नव्या माणसाची लय जुळवायला पुन्हा आठवडे लागतील. हिला तर सोमवारी पोचायचंय. जुळलेलं माणूस एकच आहे. नितीनराव खरोखर खुशीत असताना उद्या येऊन बसले, तर त्याच जुळणीवर नवी लय चढेल."

म्हणून शनिवारी सकाळी ओवी आतोबांकडं विश्रामबागेत गेली. मणी कानातच होता. तो काढला तर रस्त्यातच हातपाय गळतील अशी तिला धास्ती होती.

वैशूआत्यानं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "कालपासून बसलेत," ती कुजबुजली. "तुझ्या बापानं फोनवर सांगितलं ना, की लय बाद झाली म्हणून. 'माझी लय परत केली,' म्हणतात. पाणीसुद्धा मागून घेत नाहीत."

नितीनराव कोचावर होते. घडी घातलेली, मान भिंतीकडं. ओवी समोरच्या खुर्चीत बसली. तिला बोलायचं होतं, पण आतोबांनी 'ये' म्हटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. मणी आपलं काम करत होता. तिच्या हातांची घडी पडली. मान वळली. दोघंही दोन भिंतींकडं बघत, समोरचा आपली समजूत कधी काढतोय याची वाट बघत बसले. पंखा फिरत राहिला. आत्यानं मध्ये चहा आणून ठेवला. तो दोघांनी ढकलला.

"माझं काही नाही," आतोबा भिंतीला म्हणाले.

"माझंही काही नाही," ओवी दुसऱ्या भिंतीला म्हणाली.

"अगं आई गं!" म्हणून आत्या तोंडाला पदर लावून आत पळाली, आणि तिचं हसणं स्वयंपाकघरातून येत राहिलं.

ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं. परवा जयगड होतं, आणि ती इथं भिंतीचा रंग बघत बसली होती. तिनं कानातून मणी ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. थोड्या वेळात गोळा आला, छाती धडधडली, तळवे ओले झाले. सगळं लटांबर परत आलं. पण त्याबरोबर तीही परत आली.

"आतोबा," ती म्हणाली, "रुसता तेव्हा तुम्हाला नक्की काय होतं? मला पाच-सहा दिवस तेच होतंय. आत इतकं गार गार आणि बंद वाटतं. तुम्हाला त्रास नाही होत?"

नितीनरावांची मान सावकाश वळली. या घराण्यात त्यांना आजवर खीर मिळाली होती, शर्ट मिळाला होता, अंगठी मिळाली होती. हा प्रश्न कधी मिळाला नव्हता.

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला तुमच्याकडं आलो," ते म्हणाले. "एवढं मोठं खटलं. कोण कोणाचं कोण, काही कळेना. कुठं बसायचं, कुणाच्या पाया पडायचं, आधी फराळ घ्यायचा का नको म्हणायचं. मी आमच्या घरात एकुलता एक. घाम फुटला. जीभच उचलेना. बसलो घडी घालून भिंतीकडं बघत. तर तुझे आजोबा म्हणाले, जावईबापू रुसले! आणि सगळं घर माझ्याभोवती जमलं. मला खुर्ची दिली. अंगठी दिली." त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा कुर्त्याच्या बाहीनं चेहरा पुसला. "घाबरलेल्याला कोण विचारतंय गं? रुसलेल्याला सगळे विचारतात. मग तीच सवय झाली."

ओवी त्यांच्याकडं बघतच राहिली. रुबाबदार, मानपानवाले आतोबा! म्हणजे इतकी वर्षं हा माणूस नुसता घाबरत होता आणि सगळे त्याला खीर भरवत होते.

"मग आज याल का केंद्रावर? खुशीत?"

"येईन. पण त्या पट्ट्या लावल्या की मला पुन्हा तेच होणार बघ. माझ्याजवळ शांतपणा असता तर तुला दिला नसता का मी?" त्यांनी टेबलावरच्या मण्याकडं बघितलं. "त्यापेक्षा, मी येऊ का तुझ्याबरोबर जयगडला? फाटकापर्यंत?"

ओवीनं डॉक्टरांना फोन लावला. मणी न घालता गेलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "मूळ औषध माणूसच आहे. मणी ही त्याची नक्कल. जा, आणि तिथून आठवड्याला माझ्याशी बोलत राहा. पण माणूस शांत आहे ना?"

"बघू," ओवी म्हणाली.

सोमवारी पहाटे सांगलीहून सुटणाऱ्या जयगड गाडीत दोन घाबरट शेजारीशेजारी बसले. आतोबांनी तिकिटं खिशात आहेत की नाहीत हे इतक्यांदा तपासलं की कंडक्टरनं शेवटी ती स्वतःजवळ ठेवून घेतली. आंबा घाटात दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि दोघांनीही आपण दुसऱ्यासाठी धरलाय अशी समजूत करून घेतली. आईनं दिलेली थालीपिठं मात्र दोघांनी मिळून संपवली. घाबरल्यावर भूक लागते हे दोघांत सारखं निघालं.

जयगडला गाडी थांबली. रस्त्यापलीकडं कारखान्याचं निळं फाटक होतं आणि त्याच्या मागं खाडी चमकत होती. ओवी बॅग घेऊन उतरली, आतोबा उतरले. ओवीनं फाटकाकडं बघितलं. गोळा असा उठला की तिला श्वास घेता येईना.

"आतोबा," ती म्हणाली, "हीच गाडी आता परत जातेय."

"हो ना," आतोबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. दोघंही वळले, पायऱ्या चढले आणि आपल्याच उबदार जागांवर जाऊन बसले.

"अहो, आत्ताच उतरलात ना?" कंडक्टर म्हणाला. मग मान हलवत तो बिडी ओढायला खाली गेला.

ओवी हातात तोंड लपवून बसली. झालं. शेवाळ गेलं, खोली गेली, सगळं गेलं. आता सांगायचं काय? कंपनी बंद पडली? तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की शेजारून काहीच आवाज येत नाही. आतोबांची घडी पडली होती. मान खिडकीकडं वळली होती. अंग ताठ.

पंधरा दिवसांपूर्वीची ओवी असती तर तिला वाटलं असतं, रुसले. पण पाच-सहा दिवस ती त्याच अंगात राहून आली होती. आत काय चाललंय ते तिला ठाऊक होतं. तिनं त्यांच्या घडीत हात घालून त्यांचा पंजा बाहेर ओढला. तो बर्फ होता.

"आतोबा, घाबरलात?"

मग अगदी लहान आवाजात, "हो. फार. तुला सोडून एकट्यानंच परत जायचंय म्हणून रात्रीपासून पोटात खड्डा पडलाय. वैशूशिवाय मी मिरजेलासुद्धा गेलेलो नाही गं. तू परत येतेस म्हणालीस, मला बरंच वाटलं. लाज वाटते मला."

"लाज कसली? अहो, मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतेय भीती." ओवीनं त्यांचा पंजा दोन्ही हातांत धरला. "माझ्याकडं बघा. श्वास सोडा. सावकाश. आणखी सोडा. घाई कुठं आहे आपल्याला? कंडक्टरची बिडी अजून निम्मी आहे."

त्यांनी सोडला. अडखळत, मग लांब. तिनंही सोडला. पुन्हा. हळूहळू तिच्या हातातला पंजा उबदार झाला, बोटं सैल पडली, आणि आतोबांचे खांदे खाली आले. ते तिच्याकडं बघून ओशाळं हसले. आणि मग ओवीला कळलं की तिचाही श्वास लांब चाललाय. गोळा गेला नव्हता. पोटातच होता. पण तो घेऊन ती नीट बसली होती, बोलत होती, आणि एक माणूस तिच्याजवळ बसून बरा झाला होता. कानात काहीही नसताना.

ती उठली.

"आता जमेल तुम्हाला?"

"जमेल," आतोबा म्हणाले. मग आणखी ठामपणानं, "जमेल. घाटात डोळे मिटून घेईन. तू जा. नाहीतर मी तरी कशाला आलो?"

"काका माझ्या शेजारी बसतील पुढं," दारात आलेला कंडक्टर म्हणाला. "मलाही गप्पांना कुणी हवंच असतं. तुम्ही उतरा ताई, नाहीतर मी तिकीट फाडेन."

ओवी उतरली. गाडी वळेपर्यंत आतोबा खिडकीतून हात हलवत राहिले आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिनं बॅग उचलली आणि रस्ता ओलांडला. निळ्या फाटकाशी रखवालदारानं तिचं नाव विचारलं, तिच्याकडं नीट निरखून बघितलं आणि मायेनं म्हणाला, "पहिलाच दिवस दिसतोय. घाबरायचं नाही हां, ताई."

"घाबरलेय की," ओवी म्हणाली. "आत कुठून जायचं?"